स्मरणशक्तीच्या जाचातून सुटण्याचे काही उपाय

डोक्यात काही साठवून ठेवण्याची जुनाट खोड ज्यांना अजून सुटलेली नाही, अशा मोजक्या मागासलेल्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. यंदाच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमच्या मूळ घरी पुढच्या पिढीने या विद्येत जे प्रावीण्य दाखवले, ते पाहिल्यावर ती घरच्यापुरती ठेवणे बरे नव्हे, असे वाटले.

आरंभ फोन क्रमांकांपासून करावा. बायकोचा क्रमांक पाठ असणे हा मोबाइलवरचा अविश्वास समजावा.

रस्ता कोणालाही विचारू नये. तिंट्यावरचा, म्हणजे बाजारचौकातला, माणूस देवळाकडून डावीकडे वळायला सांगतो हे खरे, पण तुम्ही कोणाकडचे, कोणाचे कोण, हेही काढून घेतो. त्यापेक्षा पडद्यावरच्या निळ्या रेघेमागून मुकाट्याने जावे, आणि शेवटची फेरीबोट सुटल्यावर ती रेघ तुम्हाला धक्क्यावर नेऊन सोडील, तेव्हा तिच्याइतकेच शांत राहावे. शहरातील हजारो रस्ते पाठ करणाऱ्या लंडनच्या टॅक्सीचालकांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे वाटा आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो, असे मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले होते. आपल्याला म्हापशापर्यंतच तर जायचे असते. एवढा मेंदू घेऊन करायचे काय?

आरती मोबाइलमध्ये बघूनच म्हणावी. प्रत्येकाच्या पडद्यावर निराळा पाठ असल्यामुळे एकाच देवाला एकाच वेळी तीन आरत्या पोहोचतात. घुमट-शामेळ या वाद्यांची लय चढत गेली, तरी आपली मान खाली आणि अंगठा पडद्यावर असावा. ऐन कडव्यात कोणाचा फोन आलाच, तर ते कडवे देवाने पुरे करावे.

मात्र सर्वांत गुणकारी उपाय फोटोंचा आहे. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, संग्रहालयातील ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. झूम करून एखाद्या तपशिलाचा फोटो घेतला तेव्हा मात्र ही हानी दिसली नाही, म्हणून कशाच्याही फार जवळ जाणे कटाक्षाने टाळावे. आमच्या घरात याची उत्तम साधना झालेली आहे. आमचे एक काका माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-पानांच्या छताचे, सामान अजूनही स्वतः डोंगरावरून आणतात. या वर्षी पुतण्याही बरोबर गेला. कवंडळाचा वेल झाडावर चढलेला, तांबडी फळे लोंबणारी, काकांनी कोयत्याच्या टोकाने वेल खाली ओढला, कडू असते, तोंडात घालू नये, देठ लांब ठेवून कापावे, मुळाला हात लावू नये, असे सगळे सांगितले आणि फोन रोखून उभ्या असलेल्या पोराला म्हणाले, “फोटो मागीर काड, पयलीं हें धर.” पोराने धरले नाही, कारण व्हिडिओ चालू होता. संध्याकाळी माटोळी बांधताना काकूने त्याला विचारले की ही तांबडी फळे कसली. ज्याने दुपारी ती झाडावरून उतरताना पाहिली, त्याने फळावर मोबाइल धरला, आणि एका ॲपने त्या फळाला शोभेचा भोपळा ठरवले. घरात सर्वांनी ते मान्य केले. त्या क्षणी काका हाताच्या अंतरावर, स्टुलावर उभे राहून तेच फळ सुंभाने बांधत होते. त्यांना विचारावे, असे एकालाही वाटले नाही. रात्रीपर्यंत व्हिडिओ “आमची संस्कृती, आमचा अभिमान” या मथळ्याखाली सगळीकडे फिरला होता.

यावर सुशिक्षितांचे उत्तर तयार असते की पूर्वी तरी प्रत्येक जण सगळे कुठे लक्षात ठेवत असे. ते खोटे नाही. जवळची माणसे आपापसांत स्मरणाची वाटणी करून घेतात, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८०च्या दशकातच मांडली होती. पुढे २०११ साली बेट्सी स्पॅरो आणि जेनी लिऊ यांच्यासह त्यांनी दाखवले, की टंकलेली माहिती संगणक पुसून टाकणार आहे असे वाटणाऱ्यांना ती अधिक आठवते, आणि ती जपून ठेवली जाणार असे वाटणाऱ्यांना कमी. एवढेच नव्हे, तर माहितीपेक्षा ती कोणत्या फोल्डरमध्ये ठेवली, हेच लोकांना अधिक चांगले आठवते. आमच्या घरीही खतखत्यात, म्हणजे मिश्र भाजीत, काय पडते ते आजीच्या स्वाधीन होते आणि माटोळी काकांच्या. पण आजीला काही विचारले, की ती आधी हातात विळी नाहीतर खोबरे देत असे, मग सांगत असे, आणि चूक झाली तर ती चारचौघांत काढत असे. शिकणे त्यातच होऊन जाई. मोबाइल काहीच धरायला लावत नाही, म्हणून तर तो तुम्हाला इतका आवडतो.

आणि तुम्ही वर तोंड करून सांगता, की पोरांना वेळ नाही! पाच दिवसांच्या चवथीत रीळ जुळवायला अर्धी रात्र मिळते, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाबरोबर एक सकाळ डोंगर चढायला वेळ नाही? मी पोरांना बोलत नाही, त्यांच्या आईबापांना बोलतो आहे. “त्याला सगळे गुगलवर मिळते” हे वाक्य पाहुण्यांपुढे कौतुकाने कोण म्हणते? काकांच्या गुडघ्यांनी जवाब दिला, की तो डोंगर तुमच्या घरात कोणाला ठाऊक असणार आहे? तुम्हाला स्वतःला माटोळीतल्या किती फळांची नावे येतात? तुम्ही चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळीच्या बाजारात जाता, पहाटेपासून ओल्या गोणपाटावर बसलेल्या बाईकडून बांधलेली जुडी उचलता, तिला एका फळाचेही नाव विचारत नाही, क्यूआर कोड कुठे आहे एवढेच विचारता, आणि गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून घाईघाईने निघून जाता.