सिंहाचं कातडं पांघरलेला तो तरुण सिकंदर नव्हे

चांदीच्या एका ग्रीक नाण्याचा फोटो सध्या जोरात फिरतोय. डोक्यावर सिंहाचं कातडं घेतलेला तरुण, आणि खाली मजकूर: ‘हा सिकंदराचा खरा चेहरा. शेजारी नावही कोरलंय. त्याच्या हयातीतलं नाणं. स्वतःचा चेहरा नाण्यावर घालणारा तो जगातला पहिला राजा.’ चार वाक्यं आहेत आणि एकही धड टिकत नाही.

चेहऱ्यापासून सुरुवात करू. सिंहाचा जबडा कपाळावर आणि पंजांची गाठ गळ्याशी, ही ग्रीक पुराणांतला बलाढ्य वीर हेराक्लीस याची ओळख. नेमियाचा सिंह मारून त्याने ते कातडं पांघरलं. मॅसिडोनियाचं राजघराणं, म्हणजे सिकंदराचंच घराणं, आपलं कूळ त्याच्यापर्यंत नेत असे, म्हणून तो त्यांच्या नाण्यांवर आधीपासूनच होता. सिकंदराचा चुलता तिसरा पर्डिकस याच्या नाण्यांवर असाच बिनदाढीचा, कातडं घेतलेला हेराक्लीस दिसतो. पर्डिकस मेला ख्रिस्तपूर्व 359 मध्ये आणि सिकंदर जन्मला 356 मध्ये. न जन्मलेल्या पुतण्याचं चित्र चुलता कसं काढणार? पुढे लोकांना त्या हेराक्लीसमध्ये सिकंदर दिसू लागला असेल, काही नाण्यांत कारागिरांनी तसा भास मुद्दाम आणलाही असेल. पण तेवढ्याने ते त्याचं व्यक्तिचित्र ठरत नाही.

‘शेजारी नाव’ तर चेहऱ्याच्या शेजारी नाहीच. ते मागच्या बाजूला आहे, आणि तिथे बसलाय ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस: हातावर गरुड, दुसऱ्या हातात राजदंड. नावाने चित्र ओळखायचं म्हटलं तर सिकंदर म्हणजे हा दाढीवाला देव, असं म्हणावं लागेल. नाणं कोणाच्या नावाने पाडलं, एवढंच ते नाव सांगतं.

हयातीतलं असण्याचा दावा सगळ्यात महागात पडणारा, कारण विकणारेही तो बिनधास्त करतात. सिकंदर ख्रिस्तपूर्व 323 मध्ये वारला, पण ही नाणी थांबली नाहीत. साधारण 17 ग्रॅमचं चार ड्राख्मांचं हे नाणं व्यापाऱ्यांना आणि भाडोत्री सैनिकांना ओळखीचं होतं, म्हणून शहरामागून शहरं त्याच नावाने ते पाडत राहिली. काळ्या समुद्राकाठच्या ओडेसोससारख्या शहरांत तर ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापर्यंत. आपल्याला यात नवल वाटायला नको. कंपनी सरकारने मुघल बादशाह शाह आलम 1806 मध्ये वारल्यावरही त्याच्या नावाचे रुपये 1835 पर्यंत पाडलेच की! मग ओळखायचं कसं? संग्राहक झ्यूसचे पाय बघतात: समांतर असतील तर आधीचं, एकावर एक असतील तर नंतरचं. ढोबळ खूण म्हणून ठीक आहे, पण मॅसिडोनियातल्या टाकसाळीने समांतर पाय सिकंदराच्या मृत्यूनंतरही चालू ठेवले. म्हणून झ्यूसच्या आसनाखालची आणि झ्यूससमोरच्या मोकळ्या जागेतली टाकसाळीची चिन्हं जुळवल्याशिवाय ‘हयातीतलं’ या शब्दाला जादा पैसे मोजू नयेत.

पहिला राजा वगैरे चटकन निकालात काढू. आजच्या तुर्कस्तानातल्या लिशियाच्या सरदारांनी सिकंदराच्या जन्माआधीच स्वतःचे चेहरे नाण्यांवर घातले होते. सिकंदराचा चेहरा आला तो त्याच्या मृत्यूनंतर, त्याच्याच सेनापतींच्या नाण्यांवर. टॉलेमीने त्याला हत्तीच्या कातड्याचं शिरोभूषण चढवलं. लायसिमॅकसने ख्रिस्तपूर्व 297 च्या सुमारास कानाशी आमोन देवाचं मेंढ्याचं शिंग दाखवलं. ‘सिकंदराचा चेहरा’ हवा असेल त्याने लायसिमॅकसचं नाणं शोधावं. चित्र देवत्व दिलेल्या सिकंदराचं आहे, पण निदान माणूस तोच.

हयातीतलं म्हणता येईल असं चित्र बहुधा एकाच प्रकारच्या चांदीच्या नाण्यांवर आहे. एका बाजूला हत्तीवर चाल करून जाणारा घोडेस्वार, म्हणजे पोरसशी झालेली लढाई. दुसऱ्या बाजूला हातात वज्र घेऊन उभा असलेला सिकंदर. ही नाणी फार थोडी उरली आहेत, आणि त्यांवरची आकृती इतकी लहान की नाकडोळे ओळखण्याची सोय नाही.