सव्वादोन गुलाबांचा गुन्हा

"ताई, तुमच्या पर्समध्ये डांबरगोळी फुटलीय का?"

दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. विचारणारे शेजारच्या खुर्चीतले काका. गोष्ट परवाची, पण अजून डोक्यातून जात नाही, कारण काका कुजबुजले नव्हते. समोरच्या रांगेतल्या एका पोराने तर मान तिरकी करून माझ्या पर्सखाली बघून घेतलं.

पर्समध्ये डांबरगोळी नव्हती. माझ्या मानेवर ज्याँ पातूचं 'जॉय' होतं.

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि पॅरिसच्या पातूकडे गाऊन शिवून घेणाऱ्या श्रीमंत बायकांचे हात एकदम आखडले. त्या पडत्या काळात आँरी आल्मेरास या गंधकाराने पातूसाठी हे अत्तर बांधलं, आणि ते 'जगातलं सर्वांत महाग अत्तर' म्हणून विकलं गेलं. लोकांकडे पैसे नसताना जगातली सर्वांत महाग वस्तू काढायची, याला धंद्याची अक्कल म्हणायचं की आणखी काही, ते तुम्ही ठरवा. पुढे २००० साली फिफी या अत्तरांसाठीच्या पुरस्कारांत याला शतकातला सुगंध म्हणून निवडलं गेलं. 'शनेल नंबर ५' या बड्या फ्रेंच अत्तराला मागे टाकून. आणि काका म्हणतात डांबरगोळी.

याची जाहिरात सांगायची की तीस मिलिलीटरच्या बाटलीमागे १०,६०० चमेलीची फुलं आणि २८ डझन गुलाब लागतात. चमेली सुटी मोजलीय आणि गुलाब डझनांनी, कारण ३३६ म्हटलं की आकडा बारीक वाटतो. थेंब साधारण ०.०५ मिलिलीटरचा, म्हणजे बाटलीत सहाशे थेंब. एका थेंबात सतराअठरा चमेली आणि अर्ध्याहून किंचित जास्त गुलाब. मी चार थेंब लावले होते. सत्तर चमेली, सव्वादोन गुलाब. हीच फुलं ओंजळीत धरून बसले असते, तर काकांनी "वा!" म्हटलं असतं.

पण डांबरगोळी हा काकांचा पहिला आरोप नव्हताच. पहिला होता साबण.

मी बसले, पाचेक मिनिटं गेली, आणि काकांनी नाक वर केलं. डावीकडे हुंगलं, उजवीकडे हुंगलं, मग छताकडे, कुठे गळती आहे ती शोधावी तसं. नंतर अत्यंत मायेने मला म्हणाले, "आत्ताच आंघोळ करून आलात वाटतं." सकाळचे साडेअकरा वाजले होते. या वाक्याला काय उत्तर द्यायचं असतं? हो म्हटलं तर उशिरा उठणारी, नाही म्हटलं तर त्याहून वाईट.

साबण कुठून आला ते मला माहीत होतं. १९२१ साली एर्नेस्त बो या गंधकाराने 'शनेल नंबर ५' बांधताना फुलांवर अल्डिहाइड नावाच्या रसायनांचा सढळ हात सोडला: सी-१०, सी-११, सी-१२. ही नुसती हुंगली तर विझवलेली मेणबत्ती, गरम इस्त्री, संत्र्याची साल असलं काहीतरी येतं. फुलांवर पडली की मात्र अख्खं मिश्रण चमकायला लागतं. तेव्हापासून फुलांच्या उंची अत्तरांत त्यांची चाल पडली. 'जॉय'मध्येही ती आहेत, जरा कमी. आणि मग साबण करणाऱ्यांनी तीच चाल उचलली, स्वस्तात, वर्षानुवर्षं, घरोघर. तेव्हा अत्तराला साबणाचा वास येत नाही, साबणाला अत्तराचा येतो. चोर आणि धनी यांची अशी अदलाबदल झाली आहे. हे सगळं मी काकांना नीट समजावून सांगितलं.

काका म्हणाले, "तेच ते."

पंधरावीस मिनिटांत अल्डिहाइड उडून गेली. ती हलकी, सगळ्यात आधी तीच जातात. खालून मधला थर वर आला, गुलाब आणि चमेलीचा, आणि काकांनी तो डांबरगोळीचा प्रश्न विचारला.

"काका, डांबरगोळी नाही. चमेली आहे."

"चमेली? चमेली मला माहीत आहे."

"ही खरी चमेली आहे."

"मग माझी खोटी होती?"

वाईट याचं वाटतं की हो, बहुधा खोटीच होती. काकांनी आयुष्यभर जे चमेली म्हणून हुंगलं त्यातलं बरंचसं प्रयोगशाळेतलं बेन्झाइल अ‍ॅसिटेट असणार, आणि १९६६नंतरचं असेल तर वर हेडिओन हे दुसरं रसायन, म्हणजे चमेलीची हवेशीर, धुऊन वाळत घातलेली बाजू. खऱ्या फुलाच्या अर्कात याशिवाय दोनतीन टक्के इंडोल असतं. इंडोल पांढरं, स्फटिकासारखं असतं. अगदी विरळ केलं तर फुलासारखं वाटतं. घट्ट झालं की डांबरगोळी, आणि आणखी घट्ट झालं की जे वाटतं ते दाताच्या दवाखान्यात उच्चारता येत नाही. चमेली तोडल्यावरही तासनतास श्वास सोडत राहते. पहाटे तोडलेली फुलं दुपारपर्यंत टोपलीत राहिली तर अर्काची तऱ्हाच बदलते. म्हणून फ्रान्सच्या दक्षिणेला ग्रासमध्ये ऑगस्ट ते ऑक्टोबर उजाडताना तोडणी होते आणि माल तडक कारखान्यात जातो. वाफेवर ही चमेली टिकत नाही. पूर्वी चरबी थापलेल्या काचांवर एकेक फूल ठेवून वास शोषून घ्यायचे, नंतर द्रावकाने अर्क काढू लागले.

आणि आता मला सगळ्यात जास्त बोचलेली गोष्ट. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन, ते निघतं कोळशाच्या डांबरातून. इंडोलही कोळशाच्या डांबरात सापडतं. दोघांचा रेणूही दोन कड्या एकमेकींना चिकटवल्यासारखा. म्हणजे काका चुकले नव्हते. काकांचं नाक माझ्याहून चांगलं होतं. एखादा माणूस चुकीचा असेल तर त्याच्यावर रागावता तरी येतं.

तेवढ्यात काकांनी तपासाची सूत्रं हाती घेतली. आधी स्वतःची पिशवी उघडून हुंगली. मग खुर्चीची गादी उचलली. मग त्या पोराला "बघ रे जरा" म्हणून कपाटामागे पाठवलं. शेवटी जुन्या प्रिस्क्रिप्शनचा कोपरा फाडून माझ्यापुढे धरला. "यावर लावा बघू." बाटली बरोबर नव्हती, म्हणून मनगटावर तो कागद दाबून दिला. काकांनी कागद नाकाला टेकवला नाही. चार बोटं लांब धरून हलवला आणि दोन छोटे श्वास घेतले. अत्तराच्या दुकानात पट्टी नाकात खुपसणारे मी इतके पाहिलेत, आणि हा माणूस जन्मजात तज्ज्ञ! मग त्यांनी तो कागद रांगेत फिरवला. प्रसादासारखा.

एक बाई म्हणाल्या, फुलवाल्याच्या बादलीतलं पाणी. एक आजोबा म्हणाले, औषध. एका मुलीने "आजीच्या कपाटासारखं" म्हटलं आणि मग माझ्याकडे बघून "छान आहे" असं जोडलं. हे 'आजी'चं पालुपद मला नवीन नाही. ज्यांनी तरुणपणी हे लावलं त्या आता म्हाताऱ्या झाल्या, यात अत्तराचा काय दोष? एक गृहस्थ म्हणाले, "मला काहीच येत नाही," आणि अख्ख्या रांगेत तेवढेच हसत होते. त्यांचंही खरं असू शकतं. अत्तराच्या बुडाशी असलेल्या कस्तुरीसारख्या वासांचे रेणू मोठे, ते कित्येकांच्या नाकाला लागतच नाहीत. गुलाबात बीटा-आयोनोन नावाचं गंधद्रव्य असतं, तेही काहींना ठळक येतं आणि काहींना जवळजवळ नाहीच, तो फरक ओआर५ए१ नावाच्या एका जनुकाचा. तेव्हा हे अत्तर लावणाऱ्या दोघीजणी एकमेकींशी तावातावाने भांडत असतील, तर दोघींनी एकच बाटली हुंगलीय असं समजू नये.

दवाखान्यात लवंगेच्या तेलाचाही घमघमाट होता. तो वास युजेनॉलचा. ते थोडंसं चमेलीच्या अर्कातही असतं. ते मात्र काकांनी डॉक्टरांच्या खात्यावर टाकलं.

आता माझी चूक. ती आहे. या ताकदीच्या अर्काचे दोन थेंब पुरतात, बंद खोलीत जायचं असेल तर एक. मी आधी दोनच लावले होते. पण आपलं नाक आपल्याच वासाला काही मिनिटांत सरावतं आणि खबर द्यायचं बंद करतं. मला वाटलं उडालं, म्हणून निघताना आणखी दोन. अत्तर लावणारे सगळे इथेच घसरतात. स्वतःला येईनासं झालं म्हणजे गेलं असं नसतं, दुसऱ्याला विचारावं. त्यातून कातडी कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मलम चोळावं, म्हणजे थेंब टिकतो. मनगटं एकमेकांवर घासू नयेत, उष्णतेने वरचा थर लवकर पळतो. रेशमावर तर थेंब पडूच देऊ नये, चमेलीचा अर्क गडद असतो, डाग जात नाही. बाटलीचं काचेचं बूच मानेला टेकवून परत तसंच बाटलीत घालणाऱ्या बायका मला बघवत नाहीत. कातडीचं तेल आत जातं. आधी पुसावं.

आणि जास्त झालंच तर पाण्याने धुऊन उपयोग नाही, ते पाण्यात विरघळणारं नाही. कापसाच्या बोळ्यावर बिनवासाचं तेल किंवा स्पिरिट घेऊन पुसायचं, मग साबण. दवाखान्यात स्पिरिटही होतं आणि कापूसही. मागायची हिंमत झाली नाही.

तासाभराने, अजून माझा नंबर आलेला नसताना, काका पुन्हा वळले. चेहऱ्यावर आता आरोप नव्हता, काळजी होती.

"तुमच्याकडे मांजर आहे का?"

मी हात टेकले. जुन्या फ्रेंच अत्तरांच्या तळाशी जवादी मांजराच्या ग्रंथीतला स्राव असायचा, इथिओपियाहून यायचा. त्यातला मुख्य घटक सिव्हेटोन. लिओपोल्ड रुझिच्का या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ साली त्याची रचना उलगडली. सतरा कोनांची एक मोठी कडी! पुढे त्यांना नोबेलही मिळालं. आता हा वास प्रयोगशाळेतून येतो, मांजराला त्रास नाही. सगळा त्रास मला. थोडक्यात, बाटलीवर घटक छापलेले नसताना, कुठलंही शिक्षण नसताना, केवळ वेळ जात नाही म्हणून या माणसाने वरचा, मधला आणि खालचा असे तिन्ही थर क्रमाने ओळखले होते. फक्त प्रत्येकाला शिवी देऊन.

त्यात आणखी एक दुखणं असं की ही बाटली संपली की संपली. २०१८ साली पातूची कंपनी एलव्हीएमएच या बड्या फ्रेंच उद्योगसमूहाकडे गेली, त्याच वर्षी त्याच समूहातल्या दिओरने 'जॉय' याच नावाने वेगळंच अत्तर आणलं, आणि जुनं निघणं थांबलं. तेव्हापासून कोणी "मी जॉय लावून बघितलं, काही खास नाही" म्हटलं की आधी विचारावं लागतं, कोणतं? जुन्या बाटल्या मिळतात, पण घेताना द्रवाची पातळी बघावी. बुचाशी जागा रिकामी असेल तर हवा लागलीय. रंग चहासारखा झाला असला तरी लगेच घाबरू नये, इंडोल उजेडात काळवंडतं. पहिली दहा मिनिटं आंबूस, व्हिनेगरसारखी जातात, कारण वरचा थर आधी नासतो. वीस मिनिटं थांबून मगच मत द्यावं. आणि बाटली न्हाणीघरात ठेवू नये. खोक्यात घालून, अंधारात, थंड जागी ठेवावी. इतकं सगळं सांभाळून मी ते चार थेंब खर्चले होते. रूट कॅनालसाठी.

शेवटी काकांचं नाव पुकारलं. उठता उठता त्यांनी विचारलं, "बरं, नाव काय म्हणालात त्याचं?"

"जॉय."

"जॉय म्हणजे आनंद ना?"

"हो."

काकांनी क्षणभर विचार केला. "कोणाला?"

आणि आत गेले. तो कागदाचा कपटा मात्र बरोबर घेऊन. माझा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी तोंडावरच्या मास्कवर दुसरा मास्क चढवला. तशी पद्धत असेल.