पिंपळपान

माझ्या स्वेटरवर पिंपळाचं पान आहे, मेपलचं नाही. हे वाक्य मी परवा गुरुवारी, 28 फेब्रुवारी 2019 च्या रात्री, न्यू यॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, नासाऊ कॉलिझियम या आइस हॉकीच्या स्टेडियममध्ये किमान अकरा माणसांना ऐकवलं. पटलं एकालाही नाही. ज्या झाडाखाली बुद्धाला ज्ञान झालं ते झाड, असं समजवायला गेलो तर मागच्या रांगेतून विचारणा झाली, "तो कोणत्या टीमकडून खेळायचा?"

स्वेटर सासूबाईंनी विणलेला. निळी लोकर, छातीवर मधोमध पांढरं पान. पिंपळाला एक टोक असतं आणि या पानाला पाच आहेत, हे मलाही दिसतं. पण लग्नाला तेरा वर्षं झाली, सासूबाईंच्या टाक्यांची टोकं मोजणारा जावई मी नाही. लोकरीच्या कामात जरा इकडेतिकडे होणारच, असं मी धरून चाललो होतो. आता टोरांटो मेपल लीफ्स नावाच्या हॉकी संघाचं चिन्हही नेमकं निळ्यापांढऱ्यातलं पानच असावं, याला मी काय करू? सासूबाई बत्तीस शिराळ्याच्या. टोरांटो त्यांनी एकदाच ऐकलंय, नणंदेच्या मुलाच्या संदर्भात, आणि तो असतो शिकागोला.

ऑफिसातल्या एकाच्या मुलाला ताप आला आणि त्याचं तिकीट माझ्या टेबलावर आलं. फुकट ते पौष्टिक. आइस हॉकीतलं मला ओ की ठो कळत नाही. हॉकी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे खडकीचा धनराज पिल्ले येतो, केस उडवत पळणारा. इथे पायांना पाती बांधून बर्फावर एकमेकांना भिंतीवर आपटतात, आणि ज्यासाठी हे सगळं चालतं ती पक नावाची काळी चकती मला सबंध सामन्यात चारदा दिसली. तिकीट देणारा एवढंच म्हणाला, "उद्या मजा आहे." पान घालून जाऊ नकोस, एवढं म्हणायला त्याचं काय जात होतं?

मजा होती जॉन टवारेसची. 2009 साली न्यू यॉर्क आयलंडर्सनी, म्हणजे इथल्या संघाने, नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला सगळ्या पोरांत पहिल्या क्रमांकावर उचललं. नऊ हंगाम तो इथे खेळला, कर्णधार झाला. मग 1 जुलै 2018 ला सात वर्षांचा, 7 कोटी 70 लाख डॉलरचा करार करून टोरांटोला गेला. तो तिकडचाच, त्या शहराच्या आसपास वाढलेला. गेला तो गेला, वर ट्विटरवर लहानपणीचा फोटो टाकला: लीफ्सच्या चादर-उशीत गाढ झोपलेला पोरगा. लहानपणीचं स्वप्न पुरं झालं, अशा अर्थाचं काहीतरी खाली. इथल्या लोकांनी करार एक वेळ गिळला असता, पण ती चादर काही त्यांच्या घशाखाली उतरली नाही. आणि गुरुवारी तो पहिल्यांदाच इथे पाहुण्यांच्या जर्सीत खेळायला येत होता.

माझ्या डाव्या हाताला जे गृहस्थ होते त्यांना मी मनातल्या मनात आबा म्हणायला लागलो. सत्तरीला टेकलेले, कोल्हापूरच्या तालमीत शोभाव्यात अशा मिशा. अंगात आयलंडर्सची जुनी जर्सी, पाठीवर 91. हा टवारेसचाच आकडा. वरच्या नावावर गळक्या पाइपाला लावतात ती करडी चिकटपट्टी, तीन थर, आणि तिच्यावर मार्करने लिहिलेलं: गद्दार.

"जाळून का नाही टाकली?" मी संभाषणाला सुरुवात म्हणून विचारलं. इंटरनेटवर तेव्हा पुष्कळांनी जाळल्या होत्या.

"काडी ओढली होती," आबा म्हणाले. "बायको म्हणाली, दीडशे डॉलर पडलेत."

मग त्यांची नजर माझ्या छातीवर आली.

"टोरांटो?"

"नाही, हिक्सव्हिल." इथून पंधरा मिनिटं.

"मग हे पान?"

"पिंपळ."

"म्हणजे काय?"

"झाड असतं."

"मेपलपण झाडच असतं," आबा म्हणाले. "मूळचा कुठला तू?"

"सांगली."

"ते कॅनडात येतं ना?"

इथे मला खरंच राग आला आणि तो अजून पूर्ण उतरलेला नाही. अकरा वर्षं मी या काउंटीत राहतो. इथली घरपट्टी ऐकून आमच्या वडिलांना घेरी आली होती, ती मी बिनबोभाट भरतो. माझ्या दारातला बर्फ मी उपसतो आणि शेजारणीच्या दारातलाही. पण सावळा चेहरा आणि पांढरं पान एकत्र दिसलं की माणूस टोरांटोचा. "तुमचे लोक तिकडे फार आहेत ना," हेही आबा म्हणाले, अगदी प्रेमाने. मी टोरांटोत आयुष्यात एकदाच थांबलोय, तेही पुढचं विमान चुकलं म्हणून, आणि विमानतळावर एक थंडगार सँडविच खाल्लं. तेही अर्धंच.

आबांची एक तऱ्हा होती. ते टवारेसचं नाव घेत नसत. आमच्या आजीने जन्मभर आजोबांचं नाव घेतलं नाही. 'हे', 'घरातली मंडळी', फारच झालं तर 'अहो, ऐकलंत का'. आबांचं थेट तसंच. "तो आला का? तो बाकावर आहे? त्याच्याकडे आहे का पक?" उखाण्यात तरी घ्या, असं मला सांगावंसं वाटत होतं. नाव नाही, पण हिशेब तोंडपाठ. 669 सामने, 272 गोल, आणि स्वतःचे गोल व दुसऱ्याच्या गोलाला लावलेला हात मिळून 621 गुण, पाढे म्हणावेत तसे म्हणून दाखवले. 2016 ला फ्लोरिडाशी सहावा सामना, शेवटचं मिनिट, आपण एका गोलने मागे. त्यानेच बरोबरी केली. मग दुसऱ्या जादा डावात त्यानेच संपवलं. 1993 नंतर पहिल्यांदा आयलंडर्सनी प्लेऑफमधली, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमधली, मालिका जिंकली.

"मी तेव्हा माझ्या जावयाचा मुका घेतला," आबा म्हणाले. "जावयाचा! मला तो आवडतसुद्धा नाही."

खरं तर सामना सुरू व्हायच्या आधीच सगळं सुरू झालं होतं. सराव आटपून टवारेस आत जाताना कुणी त्याच्या अंगावर जुनी जर्सी फेकली, कुणी प्लॅस्टिकचा साप. साप का, ते आबांनी समजावलं: साप म्हणजे दगाबाज. मी म्हटलं, आमच्या भाषेत अशाला अस्तनीतला निखारा म्हणतात. आबांनी ते चावून चावून घेतलं. "निखारा," ते बर्फाकडे बघत म्हणाले. "पण तो टाकला तर खेळच थांबेल." आणि त्यांनी जाकिटाच्या आतून एक हिरवा रबरी साप काढला. जीभ लाल, पोटावर किमतीचं स्टिकर तसंच.

आमच्या खुर्च्या बर्फापासून एवढ्या उंच की तिथून साप फेकून टवारेसला लागायचा तर सापाला पंख हवेत. मी तसं म्हणालोही. आबांनी तरी हात मागे नेला आणि फेकला. साप चार रांगा खाली एका बाईच्या गळ्यात पडला. अगदी शंकराच्या पडावा तसा. बाई किंचाळली, वळली. आबा छताकडे बघत होते. तिथे आयलंडर्सच्या 1980 ते 1983 अशा लागोपाठ चार विजेतेपदांचे झेंडे टांगलेले होते. आसपासच्या पंचवीस माणसांनी एकदम जिकडे बघितलं तिथे मी होतो आणि माझं पान होतं.

"जा परत टोरांटोला!" बाई ओरडली.

"पिंपळ आहे हो!" मी ओरडलो. मराठीतच. अशा वेळी माणसाला इंग्रजी सुचत नाही.

शेवटी तोड काढली आबांनीच. "हा माझ्याबरोबर आहे," ते उभे राहून म्हणाले. "माणूस ठीक आहे, स्वेटर चुकलाय. उलटा घाल रे तो." मी म्हटलं, असू दे. पण आता सगळी रांगच 'उलटा! उलटा!' म्हणायला लागली. तेव्हा चौदा हजारांच्या आसपास माणसांच्या साक्षीने मी हात वर केले, डोक्यावरून स्वेटर काढला, उलटा केला आणि पुन्हा घातला. मधे डोकं अडकलं. टाळ्या पडल्या. हाताने विणलेला स्वेटर आतून कसा असतो ते तुम्हाला ठाऊक असेल: गाठी, सुटलेली टोकं, पानाच्या मागून इकडून तिकडे ओढलेले पांढरे धागे, आणि त्या सगळ्यांतून पान दिसतंच, भुतासारखं. अडीच तास मी तसा बसलो होतो.

खेळाचं म्हणाल तर टवारेसच्या काठीला पक लागली रे लागली की हुर्यो. पक सुटली की शांतता. मला खेळ कळायला त्याची फार मदत झाली. मधूनमधून कोरस: 'आम्हाला नकोस तू', आणि त्या चादरीची आठवण म्हणून 'तुझा नाइटड्रेस कुठाय'. मोठी माणसं, नोकरीधंद्याची, घरी हप्ते असलेली, एका सुरात दुसऱ्या एका मोठ्या माणसाला त्याचा नाइटड्रेस विचारत होती. सांगायला लाज वाटते, पण तिसऱ्या खेपेला मीही विचारला.

मग पहिल्या डावातच एका विश्रांतीत वरच्या पडद्यावर त्याची जुनी दृश्यं दाखवली. आभार म्हणून. हुर्यो असा उठला की खुर्ची हलली. टवारेसने खाली हात उंचावला, सगळ्या बाजूंना. आबा माझ्या कानाशी बेंबीच्या देठापासून ओरडत होते. पण त्यांचा उजवा हात खांद्यावरून मागे गेला होता आणि अंगठ्याचं नख त्या चिकटपट्टीची कड खरवडत होतं. मधेच आवाज आवंढ्यात अडकला, ते खोकले आणि पुन्हा ओरडायला लागले. "धूळ फार आहे," मला म्हणाले. बर्फाच्या मैदानात!

आयलंडर्सनी 6-1 असं धुतलं. सगळे खूश. मला मात्र घरी येताना गाडीत वेगळंच डोक्यात चाललं होतं. 2015 मध्ये हा अख्खा संघच लाँग आयलंड सोडून ब्रुकलिनला गेला होता. आबांनी स्वतः सांगितलं, सामन्याला गाड्या बदलत जायचो, घरी यायला मध्यरात्र व्हायची. 2018-19 च्या हंगामात निम्मे सामने परत इकडे आले. संघ गेला तेव्हा कुणी साप फेकला? मालकाला कुणी नाइटड्रेस विचारला? संघाला वाटलं तर खेळाडूला एका फोनवर दुसऱ्या शहरात धाडतात, त्याची पोरं शाळेत असतात, बायको आठव्या महिन्यात असते. तो धंदा. खेळाडू करार संपल्यावर स्वतःच्या पायांनी गेला की ती गद्दारी. आमच्याकडे निदान याबाबतीत मन मोठं आहे. पुढारी इकडचा तिकडे गेला की नव्या पक्षात हारतुरे, चौकात फ्लेक्स, आणि परत आला तर जुन्या पक्षात पुन्हा हारतुरे.

आणि मी काय वेगळा आहे? दर दोन वर्षांनी सांगलीला जातो. माझ्यावर साप कुणी टाकत नाही. "आले का डॉलरवाले!" म्हणतात, चहा देतात, "तुम्हाला बाटलीतलंच पाणी लागत असेल ना" म्हणतात, आणि हॉटेलात बिल आलं की सगळ्यांना एकाच वेळी फोन येतात. चुलतभावाने गेल्या वेळी विचारलं, "मग इथल्या जमिनीत तुला काय रस?" हसत विचारलं. हुर्योच तो, फक्त आवाज बारीक. आणि आभाराची ती दृश्यं कोण दाखवणार? तीन वर्षं दर महिन्याला मी आजीचा दाखला काढायला तहसीलदार कचेरीत उभा राहायचो, तो नाही कुणी पडद्यावर लावत. असो. विषय हॉकीचा आहे.

निघताना आबांनी माझ्याबरोबर सेल्फी काढला, नंबर घेतला आणि फोटो पाठवला. मी बावळटासारखा तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. काल सकाळी शिराळ्याहून व्हिडिओ कॉल.

"अहो जावईबापू, स्वेटर उलटा घातलाय तुम्ही. माझ्या सगळ्या गाठी जगाला दाखवल्यात."

मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. सासूबाईंचं लक्ष हॉकीवर नव्हतंच, सापावर होतं. त्यांचं गाव नागपंचमीचं. पूर्वी जिवंत नागांच्या मिरवणुका निघायच्या, आता कोर्टाने बंदी घातली म्हणून प्रतिमेची पूजा करतात आणि त्याबद्दल सासूबाईंची कोर्टावर अजून खप्पामर्जी आहे. "दगाबाजाला साप म्हणतात?" त्या म्हणाल्या. "सापाने काय केलंय कुणाचं? बिचारा आपलं बीळ दिसलं की आत जातो."

"ते राहू द्या आई. पण त्या लोकांना पिंपळाचं पान ओळखता येत नाही, याला काय म्हणावं?"

"कुठलं पिंपळाचं?"

"स्वेटरवरचं."

"अगंबाई, पिंपळ कुणी सांगितला तुम्हाला? लोकरीच्या दुकानात नमुन्याचा कागद होता एक. निळ्यावर पांढरंच पान होतं. खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. छान दिसलं म्हणून केलं. पाच टोकं घालताना हात मोडून आला माझा."

मागून बायको हसत होती ते मला ऐकू येत होतं.

आज आबांचा मेसेज आला. टोरांटो 1 एप्रिलला पुन्हा येतंय, त्यांच्याकडे एक तिकीट जास्तीचं आहे. खाली लिहिलंय: उलटाच घालून ये.