जिन्याचा कठडा धरल्याने तोल जात नाही

ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या जिन्याविषयीचा एक संदेश फिरत आहे. साठीनंतर कठडा धरू नये, कारण आधाराची सवय लागली की तोल सांभाळण्याची शक्ती जाते आणि आपले पूर्वज तर आधाराविनाच चढत-उतरत असत. म्हातारपणी हाड आधी मोडते आणि मग माणूस पडतो, म्हणून जिन्यावर खर्च करणे व्यर्थ आहे. पायऱ्यांवर मऊ पायपुसणी घालावीत. जिना नेहमी अनवाणी चढावा. आणि रात्री जिन्यात दिवा ठेवू नये, कारण झोप उडते, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. हा संदेश वाचून माझ्या सासूबाईंनी भिंतीच्या बाजूने दुसरा कठडा बसवण्याचे ठरलेले काम थांबवायला सांगितले. म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

सर्वांत घातक मुद्दा कठड्याचा आहे. जिना उतरताना शरीराचा सगळा भार एका वाकत्या गुडघ्यावर पेलत दुसरे पाऊल खाली टाकावे लागते, आणि त्याच क्षणी पाय घसरला तर शरीर उताराच्या दिशेने पुढे फेकले जाते. सपाट जमिनीवर एखादे पाऊल पटकन पुढे टाकून सावरता येते. जिन्यात ते पाऊल टाकायला जागाच नसते. तेव्हा उपयोगी पडतो तो आधीपासून कठड्यावर असलेला हात. वयानुसार नजर, कानातील तोलाची यंत्रणा आणि तळपायांची संवेदना मंदावत असताना हाताला मिळणारा स्थिर स्पर्श शरीराला आपण कुठे आहोत हे सांगत राहतो. त्याने तोल दुबळा होत नाही.

पूर्वजांचा दाखला तर पूर्णपणे चुकीचा आहे. जुन्या वाड्यांतील अरुंद, उभ्या लाकडी जिन्यांवर धरण्यासाठी वरून दोर सोडलेला असे, आणि तो अजूनही काही घरांत पाहायला मिळतो. त्या लोकांना आधाराची गरज नीट कळत होती.

तोलाचा सराव केला पाहिजे, एवढे मात्र मान्य करावे लागेल. त्यामुळे पडण्याचे प्रमाण खरोखर कमी होते. पण तो सराव स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उभे राहून, लागला तर आधार हाताशी ठेवून करायचा असतो. जिना ही त्याची जागा नव्हे.

घरातील अशा सुधारणांचा उपयोग होतो का, हे न्यूझीलंडमधील तारानाकी भागात ८४२ घरांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून तपासले गेले. एका गटातील घरांत जिन्यांना कठडे, न्हाणीघरात धरायच्या दांड्या, बाहेरच्या पायऱ्यांना स्पष्ट कडा आणि पुरेसा उजेड अशी साधी कामे करून दिली, दुसऱ्या गटाला ती नंतर करून देण्याचे ठरले. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, सुधारणा झालेल्या घरांत पडल्यामुळे होणाऱ्या दुखापती वर्षाला २६ टक्क्यांनी कमी होत्या. या अभ्यासात सर्व वयांची माणसे होती आणि कामेही एकत्रित होती, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या कठड्याला देता येणार नाही. तरीही खर्च व्यर्थ जातो हे विधान त्यापुढे टिकत नाही.

कठडा मात्र मुठीत धरता आला पाहिजे. आपल्याकडच्या अनेक रो-हाउसमध्ये कठड्यावर ग्रॅनाइटची रुंद पट्टी असते. तिच्यावर हात ठेवता येतो, पण पडताना ती पकडता येत नाही. सुमारे ४ सेंटीमीटर व्यासाचा गोल पाइप, भिंतीपासून बोटे जातील एवढे अंतर सोडून आणि शेवटच्या पायरीच्या फूटभर पुढेपर्यंत नेलेला असावा. तो दोन्ही बाजूंना हवा, कारण चढताना उजवीकडे असलेला कठडा उतरताना डावीकडे येतो, आणि एक हात अधू असलेल्या माणसाला मग अर्धा प्रवास आधाराविना करावा लागतो.

‘हाड आधी मोडते’ यात थोडे तथ्य आहे. फार ठिसूळ झालेले हाड क्वचित आपोआप मोडते. पण खुब्याजवळचे बहुसंख्य अस्थिभंग पडल्यामुळेच, विशेषतः कुशीवर पडल्यामुळे होतात. शिवाय जिन्यावरून पडणाऱ्याच्या डोक्याला मार लागतो, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर तो जीवघेणा ठरू शकतो. त्याचा हाडांच्या ठिसूळपणाशी काय संबंध?

पायपुसण्यांचा सल्ला वाचून मात्र मला राग आला. गुळगुळीत फरशीच्या पायरीवर सुटे पायपुसणे ठेवले की ते पायासकट सरकते. पायरीच्या कडेला खाचा पाडून घ्याव्यात किंवा खरखरीत, उठून दिसणाऱ्या रंगाची पट्टी पक्की चिकटवावी. अनवाणी चालणे मोजे किंवा सैल सपातांपेक्षा बरे, हे खरे. टाचेला पट्टा असलेली, न घसरणाऱ्या तळव्याची चप्पल त्याहून बरी. रात्रीच्या प्रखर दिव्याने झोप उडते, म्हणून अंधारात उतरायचे नसते. पायऱ्यांच्या उंचीवर मंद पिवळा दिवा लावावा आणि जिन्याच्या दिव्याला वर-खाली दोन्हीकडे बटण द्यावे.

संदेशात ज्याचा उल्लेखही नाही, तो दोष अनेक घरांत आहे: पायऱ्यांची असमान उंची. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घराच्या जिन्यात पायरी १९० मिलिमीटरपेक्षा उंच आणि २५० मिलिमीटरपेक्षा अरुंद नसावी. पण नूतनीकरण करताना जुन्या फरशीवरच नवी बसवली की खालची शेवटची पायरी तेवढीच बुटकी होते, आणि वरच्या मजल्यावर तसे केले तर सर्वांत वरची पायरी उंच होते. पायांनी पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर जी लय पकडलेली असते ती तिथे चुकते. मोजपट्टी घेऊन प्रत्येक पायरीची उंची मोजावी, फरक निघाल्यास गवंड्याकडून ती पायरी सारखी करून घ्यावी, आणि तोवर तिच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी लावावी.