‘फिर आई हसीन दिलरुबा’ थिएटरला लागलेला नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘हसीन दिलरुबा’तल्या पळून गेलेल्या रानी-रिशू जोडीचा दुसरा भाग थिएटरला लागलाय, खालच्या फाईलवरून तिकीट काढा. हे खोटं आहे. सिनेमा ९ ऑगस्ट २०२४ ला थेट नेटफ्लिक्सवर आला. पहिला भागही तिथेच, २ जुलै २०२१ ला. आधी तोच बघा, नाहीतर रिशूच्या तुटलेल्या हाताचा संदर्भ लागत नाही.

खरी काळजी त्या फाईलची. नावाच्या शेवटी ‘.एपीके’ असेल तर ते तिकीट नव्हे, ॲप आहे. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. दिलीत की बँकेचा ओटीपी परस्पर भामट्यांकडे जातो.

ते ॲप फोनमध्ये टाकून बसला असाल तर आधी इंटरनेट बंद करा. ॲप काढताना ‘अनइन्स्टॉल’ पुसट दिसत असेल, तर सेटिंग्जमध्ये त्याला दिलेला ‘डिव्हाइस ॲडमिन’चा हक्क आधी काढा, मग ते निघतं. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते आणि गोठवणं अवघड होतं.