खोली घेतली, पण रजा कुठून आणायची?

मंगळवारी दुपारी काउंटरवर एक काका आले. हातात पासबुक आणि चार घड्या घातलेला कागद. दिल्लीच्या कुठल्याशा खात्यावर ३६,००० रुपये पाठवायचे होते. फॉर्म भरताना हात थरथरत होता, दोनदा खोडलं, म्हणून विचारलं, "काका, कुणाला पाठवताय एवढे?" तर म्हणाले, "अगं, ती हॉलिडे क्लबची मेंबरशिप आहे ना आमची, तिला गिऱ्हाईक मिळालंय. साडेपाच लाख देतोय. हे ट्रान्सफरचे पैसे आधी भरायचे, मग चेक येणार."

मी फॉर्म बाजूला ठेवला. आधी तुम्ही भरा, मग आम्ही देतो, असं सांगून पैसे मागणारा माणूस कधी चेक पाठवत नाही. बँकेत बावीस वर्षं काढल्यावर एवढं तरी कळतं. काकांना तिथेच खुर्ची दिली आणि त्यांच्या करारावर छापलेल्या नंबरावर फोन लावायला सांगितलं. आलेल्या फोनच्या नंबरावर नाही, करारावरच्या. पलीकडून उत्तर आलं की असा कुठलाही एजंट आम्ही नेमलेला नाही. पैसे वाचले. पण काका उठले नाहीत. पासबुकावर हात ठेवून म्हणाले, "सतरा वर्षांत पाच वेळा गेलो गं आम्ही. हिची शाळा, माझी ड्यूटी. जमलंच नाही."

हे "जमलंच नाही" आमच्या घरातलंही आहे. म्हणून आज लिहायला बसले. मोठं होणार आहे, पण ज्यांच्या कपाटात असा करार पडून आहे किंवा ज्यांना "तुमचा नंबर लकी ड्रॉमध्ये निघालाय" असा फोन आलाय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आम्ही २०१५ साली अशाच एका हॉलिडे क्लबच्या करारावर सही केली. पैसे एकदा भरायचे, आणि पंचवीस वर्षं दरवर्षी सात रात्री रिसॉर्टची खोली आपली. मुलगी चौथीत, मुलगा बालवाडीत. एका मॉलमध्ये कूपन भरलं होतं, आठवड्यात फोन आला, जोडीनेच या, भेटवस्तू घेऊन जा. जोडीनेच का, ते तिथे गेल्यावर कळलं. "घरी जाऊन विचारते" म्हणायची सोयच राहत नाही. हॉटेलचा मोठा हॉल, गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक कुटुंब आणि एक टाय लावलेला मुलगा. गाणी एवढ्या जोरात की शेजारच्या टेबलावरचं काही ऐकू येऊ नये. मधूनच घंटा वाजायची, माइकवरून कुणाचं तरी नाव घ्यायचे आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायचा. आमच्या टेबलावरचा टायवाला फार गोड बोलायचा. कुठे फिरायला आवडतं, समुद्र की डोंगर, वर्षाला किती खर्च होतो, मुलं केवढी, गाडी आहे का, सगळं विचारलं. पंचवीस वर्षांत हॉटेलांवर किती पैसे जातील त्याचा हिशेब कागदावर मांडला. मग कागदावर ३,९५,००० लिहिलं, खोडलं. ३,४०,०००. तेही खोडलं. मग मॅनेजर आले, आमच्या मुलीला चॉकलेट दिलं, आणि हिरव्या पेनाने २,८०,००० लिहून भोवती गोल काढला. आज सही केली तरच. साडेतीन वाजले होते, धाकटा माझ्या खांद्यावर झोपला होता, पोटात सकाळचे पोहे. ४२,००० कार्डावर गेले, उरलेल्याचे हप्ते बांधून घेतले. आमच्यासाठीही घंटा वाजली.

त्या तीन तासांत त्या टायवाल्याने आम्हाला एक गोष्ट विचारली नाही, आणि आम्हीही एकमेकांना विचारली नाही: तुम्हा दोघांना एकत्र, सलग सात दिवस रजा शेवटची कधी मिळाली होती?

हे भोसरीला कंपनीत. आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको, भोसरीची सुट्टी गुरुवारी. मी सहकारी बँकेत, माझी सुट्टी रविवारी. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार मिळायला लागला, त्याचा मला केवढा आनंद झाला होता, पण ह्यांच्या गुरुवाराशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे नवरा-बायको दोघंही दिवसभर घरी, असे दिवस वर्षात बोटांवर मोजण्याइतके. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, गणपती, दसरा, दिवाळी. मार्चअखेरीला माझी रजा बंद, डिस्पॅच अडकला की ह्यांची. आणि त्यात मुलांची शाळा.

अशा क्लबांत, म्हणजे टाइमशेअरमध्ये, वर्षाचे आठवडे रंगांत किंवा श्रेणींत वाटलेले असतात. दिवाळी, नाताळ, मे महिना हे सगळ्यात महाग. आमचा गट खालून दुसरा, कारण तेवढाच परवडत होता. त्यात यायचे जुलै-ऑगस्टचे पावसाळी आठवडे आणि दिवाळीनंतर शाळा सुरू झाल्यावरचे. म्हणजे मुलांना सुट्टी असते तेव्हा आम्हाला खोली नाही, आणि खोली असते तेव्हा सहामाही नाहीतर चाचणी. चांगल्या ठिकाणचं बुकिंग कित्येक महिने आधी करावं लागतं, आणि ह्यांची रजा पंधरा दिवस आधी नक्की झाली तरी नशीब. एका वर्षी महाबळेश्वरची खोली मिळाली होती, बॅगा भरलेल्या, आणि आदल्या रात्री ह्यांना प्लांटवर बोलावून घेतलं. मुलीने बॅग उघडली नाही. आठवडाभर ती तशीच भरलेली पलंगाखाली होती.

टाइमशेअरची ही कल्पना आली कुठून ते मी नंतर वाचलं. १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या आल्प्सच्या बर्फातल्या रिसॉर्टांत ती रुजली आणि मग अमेरिकेत पसरली. आपला आठवडा दुसऱ्याच्या आठवड्याशी बदलून द्यायचा धंदा करणारी आरसीआय ही कंपनी तिथे १९७४ साली निघाली. आता फ्रान्सचं बघा. तिथे कायद्याने दोन आठवडे पगारी रजा १९३६ मध्ये मिळाली, १९५६ मध्ये तीन आठवडे, १९६९ मध्ये चार आणि १९८२ पासून पाच. उन्हाळ्यात शाळा आणि बरेच कारखाने एकदमच सुट्टीवर जातात. ज्या समाजात माणसाच्या हातात चार-पाच आठवडे आहेत, तिथे त्यातला एक आठवडा एका खोलीला बांधून टाकणं समजू शकतं.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घालून दिलेलं गणित आहे, वीस दिवस काम केलं की एक दिवस पगारी रजा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही तेच, शिवाय वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा, आणि साठवून ठेवता येते ती जास्तीत जास्त ४५ दिवस. म्हणजे कागदावर वर्षाला पंधरा-वीस दिवस दिसतात. पण ती रजा आपण खर्च कशी करतो? भाच्याच्या लग्नाला दोन दिवस, सासूबाईंच्या मोतीबिंदूला तीन, गावच्या गणपतीला तीन, कुणाच्या दहाव्या-तेराव्याला दोन, मुलांच्या ॲडमिशनला दोन, स्वतःच्या तापाला दोन. मला ही कर्तव्यं टाळायची नाहीत, ती आपलीच माणसं आहेत. पण डिसेंबरमध्ये रजेच्या खात्यात जे उरतं, त्यात सात दिवसांचा सलग तुकडा बसत नाही.

आता पैशाचं सांगते, कारण ते माझं रोजचं काम आहे. दहा वर्षांत आमच्या हक्काच्या ७० रात्री झाल्या. वापरल्या १९. करार पंचवीस वर्षांचा, म्हणजे २,८०,००० मधला वर्षाचा वाटा ११,२००, दहा वर्षांचा १,१२,०००. त्यावर दरवर्षीचं देखभाल शुल्क. सुरुवातीला साडेअकरा हजारांच्या आसपास होतं, आता वीस हजारांच्या वर गेलंय, आणि तुम्ही जा किंवा जाऊ नका, ते भरावंच लागतं. दहा वर्षांचे झाले साधारण १,६०,०००. एकूण २,७२,००० भागिले १९. एका रात्रीचे १४,३०० रुपये. ह्यात हप्त्यांचं व्याज नाही, प्रवास नाही, तिथलं जेवण नाही.

तोच हिशेब सगळ्या ७० रात्री वापरल्या असत्या तर रात्रीला ३,९०० च्या आत बसतो, आणि तसल्या खोलीला, स्वयंपाकघरासकट, तो भाव वाईट नाही. माझी एक मैत्रीण कॉलेजात शिकवते, नवऱ्याचा स्वतःचा व्यवसाय. ती दरवर्षी सातही रात्री वापरते, नातवंडांना घेऊन जाते, आणि समाधानी आहे. तिचं मी खोटं ठरवणार नाही. तिच्याकडे दिवस आहेत. सगळा प्रश्न दिवसांचा आहे. खोली तर कुणीही विकतं. दिवस आपल्या हातात किती आहेत, हे त्या हॉलमध्ये शिरायच्या आधी घरी कॅलेंडर समोर ठेवून मोजा. मागच्या तीन वर्षांत दोघांनी एकत्र सलग चार दिवस तरी घेतलेत का, हे आठवा. नसतील घेतले तर पुढच्या पंचवीस वर्षांत ते आपोआप मिळणार नाहीत.

आणि तरीही घ्यायचंच असेल तर त्या दिवशी सही करू नका. युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशात ग्राहकाला १४ दिवस विचार बदलायला दिलेत आणि तेवढ्या मुदतीत आगाऊ पैसे घ्यायलाही बंदी घातलीय. आपल्याकडे ती मुदत करारात जी छापली असेल ती, आणि आमच्याकडून तर पहिल्याच दुपारी कार्ड घासून घेतलं. देखभाल शुल्क कोण वाढवणार, किती वाढवणार, ते पान आधी वाचा. फसवणूक झाली असेल तर गप्प बसू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. बायका बऱ्याचदा "जाऊ दे, आपलीच चूक" म्हणून सोडून देतात. मीही सोडलं होतं. सोडायला नको होतं.

मग आम्ही काय करतो? तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं की मोठ्या सात दिवसांची वाट बघणं बंद. माझ्या नैमित्तिक रजा मी आता गुरुवारी घेते. शनिवारला जोडून नाही, रविवारला जोडून नाही, बरोब्बर आठवड्याच्या मधोमध. साहेबांनी पहिल्यांदा विचारलं, काय कार्यक्रम आहे घरी? मी सांगितलं, नवऱ्याची सुट्टी आहे.

पहिल्या गुरुवारी चिंचवडहून सकाळची लोणावळा लोकल धरली. डबा जवळजवळ रिकामा. देहूरोड गेल्यावर ह्यांनी खिडकी उघडी करून पाय समोरच्या बाकावर ठेवले, आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांना कामाच्या दिवशी उजेडात नीट पाहिलं. कानशिलावरचे केस पूर्ण पांढरे झालेत. मला माहीतच नव्हतं. मळवलीला उतरलो, एक्सप्रेसवेवरून पलीकडे गेलो, चालत भाजे. पायऱ्या चढताना दोनदा थांबलो. रविवारी त्या लेण्यांत पाय ठेवायला जागा नसते, त्या दिवशी आम्ही दोघं, एक कुत्रं आणि झाडू मारणाऱ्या मावशी. चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत, ते ह्यांनी हाताने मापून बघितलं. मशीनवर आयुष्य काढलेला माणूस, अर्धा तास त्या खांबांचा कोन काढत बसला होता. पुढे चौदा स्तूप आहेत, त्यांच्या सावलीत डबा उघडला. चपाती, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. शेवटच्या लेण्यात भिंतीवर एक बाई तबल्यासारखं वाद्य वाजवतेय, दोन हजार वर्षं. ह्यांनी विचारलं, "तू पेटी शिकायचीस ना गं?" लग्नाला तेवीस वर्षं झाली, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं.

दुपारच्या गाडीने परत. दोघांचा मिळून खर्च शंभरच्या आसपास.

तेव्हापासून बऱ्याच गुरुवारी गेलोय. दिवाळीच्या शटडाउनला चार दिवस सगळे मिळून गुहागर. एसटीने, चिपळूणमार्गे. सासूबाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, त्यांना तिकीटच नाही, मला आणि मुलीला अर्धं. राहायला एका काकूंच्या घरी, मागच्या पडवीतून समुद्र ऐकू येतो. सासूबाई रोज संध्याकाळी व्याडेश्वराला जाऊन यायच्या आणि येताना कुणाशी तरी ओळख काढून यायच्या.

क्लबचं शुल्क ह्या वर्षीही भरलंय, करारातून बाहेर पडायचं पत्र मात्र मागच्या महिन्यात स्पीड पोस्टाने पाठवलं, पोच आली आहे. काय होतं ते इथेच लिहीन.

तुमच्यापैकी कुणाकडे असा करार पडून असेल तर शुल्काचं पान आणि तुम्ही किती रात्री वापरल्या तो आकडा मेसेंजरवर पाठवा. रात्रीचा हिशेब मी काढून देईन, तक्रारीचा अर्ज लिहायला बसायचं असेल तर तेही. गुरुवार सोडून कधीही.