प्रभादेवीतले महाबळेश्वर

आमच्या २००४ सालच्या गाडीला पेट्रोलचे व्यसन लागल्याचे प्रथम तळमजल्यावरच्या काकूंनी सांगितले. "तुमची गाडी सुरू झाली की माझ्या पोह्यांना रॉकेलचा वास येतो," हे त्यांचे निदान इंधनाचे नाव वगळता अचूक होते.

लालबागच्या उड्डाणपुलावर चढताना मागे काळा धूर सोडणारी आणि लिटरमागे चौदावरून आठ किलोमीटरांवर आलेली गाडी पाहून मेकॅनिकने प्लग काढले. चारही प्लगांच्या टोकांवर कोरडी काजळी होती. "साहेब, मिक्श्चर रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. ऑक्सिजन सेन्सर गेला," असे म्हणत त्याने तो बदललाही. धूर तसाच राहिला.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, आणि हे प्रमाण बिघडल्याची चुगली एक्झॉस्टच्या वाटेवर बसलेला हा सेन्सर गाडीतल्या संगणकाकडे करतो: पेट्रोल जास्त झाले की सुमारे ०.९ व्होल्ट, कमी पडले की ०.१, आणि सगळे आलबेल असेल तर दोहोंमध्ये सतत झोके. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला मल्टिमीटर लावून पाहिले, तर नवा सेन्सरही ०.८५ वर ठाण मांडून बसलेला. म्हणजे जुना बिचारा खरेच सांगत होता आणि त्यापायीच त्याची नोकरी गेली.

मग मी इंजिनाच्या पाण्याचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरकडे वळलो. थंड असताना त्याचा रोध दोन-अडीच हजार ओहम असतो आणि इंजिन चांगले तापले की तीनशेच्या आसपास उतरतो. दोन बोटे भाजून घेऊन मोजले; तोही निर्दोष! मात्र संगणकाकडचे सॉकेट सोडवून त्या टोकाने मोजले, तेव्हा तापलेल्या इंजिनावर आकडा अडीच हजारांच्या घरात. मधल्या कनेक्टरच्या पिनांवर, न घासलेल्या तांब्यावर चढते तशी, खाऱ्या हवेने हिरवी पुटे चढली होती. भर मे महिन्यात प्रभादेवीला घामाघूम झालेली आमची गाडी स्वतःला महाबळेश्वरच्या पहाटेत समजत होती, थंडीचे म्हणून जादा पेट्रोल ढोसत होती आणि इंजिन अजून तापलेच नाही या समजुतीने ऑक्सिजन सेन्सरचा आक्रोश कानाआड करत होती.

नवा कनेक्टर जोडताच मल्टिमीटरचे झोके सुरू झाले. मग जुना सेन्सर परत मागायला मी गॅरेजवर गेलो.

"तो ना, साहेब? कालच एका गाडीला बसवला," मेकॅनिक म्हणाला, "अगदी फर्स्टक्लास चालतोय."